शेवटच्या ओळीतले घोडे

माझी वरात मेलेल्या घोडीवरून निघाली.

असं काही झालेलं नाही. सरकारी नोंदीप्रमाणे घोडी त्या दिवशी दुपारीच मरण पावली आणि वरात होती संध्याकाळची, म्हणजे ती वरात निघालेलीच नाही. फोटोत मी जमिनीपासून पाच फूट उंचावर बसलेला दिसतो तो निव्वळ अधांतरी, असं मानावं. तेव्हा ते पहिलं वाक्य आपण वाचलंच नाही असं समजा. शुक्रवारपासून सुरू करू. शुक्रवारी घोडी धडधाकट होती, आणि मीसुद्धा.

शुक्रवारी दुपारी मी पेट्रोलच्या रांगेत उभा असताना मोबाइल वाजला. "नमुना: नाकातील स्राव. प्राणी: घोडी, पांढरी. नाव: बत्ताशी. ग्लँडर्स: पॉझिटिव्ह. खात्री: नव्व्याण्णव टक्के."

मी स्कूटरची डिकी उघडून बघितली. नमुन्याची नळी तिथंच होती, रेनकोट आणि लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याच्या मध्ये. तिचं बूचही कुणी उघडलं नव्हतं. अर्ध्या तासापूर्वी मी स्वतः बत्ताशीच्या नाकात कापसाची काडी फिरवली होती, मोबाइलवर माहिती भरली होती आणि आता प्रयोगशाळेकडे निघालो होतो. नळी पोचायच्या आधी निकाल पोचला होता.

पंपावरचा माणूस म्हणाला, "किती टाकू?"

मी म्हटलं, "पॉझिटिव्ह."

माझं नाव निहार. सांगली-मिरज रस्त्यावरच्या प्राणी-रोग प्रयोगशाळेत मी कनिष्ठ तंत्रज्ञ आहे. आमचं काम पीसीआरचं. हे तंत्र समजायला अवघड नाही. गावात अफवा कशी पसरते? एक जण दोघांना सांगतो, दोघं चौघांना, चौघं आठ जणांना. तीस-चाळीस फेऱ्यांत अख्खा जिल्हा पुरत नाही. पीसीआरमध्ये डीएनएच्या एका तुकड्याचं हेच होतं. नळी तापवायची, गार करायची, पुन्हा तापवायची, आणि प्रत्येक फेरीला त्या तुकड्याच्या प्रती दुप्पट होतात. नेमका कुठला तुकडा वाढवायचा ते 'प्रायमर' नावाचे दोन चिमुकले तुकडे ठरवतात. रोगजंतूचा डीएनए नमुन्यात असेल तरच प्रायमर त्याला चिकटतात आणि अफवा सुरू होते. जितक्या प्रती वाढतात तितकी नळी चमकायला लागते. यंत्र तिच्यावर निळा प्रकाश टाकून हिरवी चमक मोजतं. चमक वाढत गेली की पॉझिटिव्ह.

आता खरी गंमत अशी की पीसीआर लहरी असतं. कधी प्रायमर एकमेकांनाच मिठी मारून बसतात, कधी नमुन्यात घाण असते, कधी अर्ध्या अंशानं तापमान चुकतं आणि दिवसभराचं काम पाण्यात जातं. म्हणून काही वर्षांपूर्वी लोकांनी देशभरातल्या प्रयोगशाळांचे लाखो जुने निकाल, फसलेल्या प्रयोगांसकट, एका संगणकाला खाऊ घातले. प्रायमरचा क्रम काय होता, नमुना कसला, डीएनए किती, तारीख कुठली, नळी कुठल्या ओळीत ठेवली होती, सगळं. संगणकानं शिकता शिकता इतकं शिकून घेतलं की प्रयोग करण्याआधीच त्याचा निकाल सांगायला लागला. शंभरातले नव्व्याण्णव बरोबर. मग कुणीतरी मोठ्या खुर्चीतून विचारलं, की निकाल आधीच माहीत असेल तर प्रयोगावर वेळ कशाला घालवता? तेव्हापासून आमचं यंत्र बंद आहे.

या प्रणालीचं सरकारी नाव 'पूर्वनिकाल'. आम्ही तिला आत्याबाई म्हणतो. कुणी न विचारता, सगळ्यांच्या आधी, आणि ठाम.

नमुने मात्र अजून जमा होतात, फ्रिजमध्ये ठेवले जातात आणि वर्षानं फेकले जातात. ते थांबवा असं कुणी लिहून दिलेलं नाही.

*

बत्ताशी सर्जामामाची. मामा म्हणजे माझा सख्खा मामा, सर्जेराव. वरातीच्या घोड्यांचा धंदा. तालुक्यातल्या निम्म्या नवरदेवांना त्यानं मांडवापर्यंत पोचवलं आणि स्वतः लगाम धरून बाहेर उभा राहिला. त्याचं लग्न राहूनच गेलं. पूर्वी त्याच्याकडे जोडी होती, सुलतान आणि बत्ताशी. चार वर्षांपूर्वी दिवाळीनंतर सुलतान ग्लँडर्स पॉझिटिव्ह आला. घोड्यांचा हा रोग माणसालाही होऊ शकतो, म्हणून कायदा कडक आहे. घोडा पॉझिटिव्ह आला की इंजेक्शन देऊन मारायचा आणि चुना टाकून खोल पुरायचा. त्या वर्षी मामा महिनाभर कुणाशी बोलला नाही. नंतर बोलायला लागला तो फक्त बत्ताशीशी.

संध्याकाळी नळी तशीच घेऊन मी तबेल्यात गेलो आणि मोबाइल त्याच्यासमोर धरला. बत्ताशी माझ्या खिशात तोंड घालून काही मिळतंय का बघत होती.

"आरं, पर नळी तर तुझ्या हातातच हाय की," मामा म्हणाला.

"हो."

"मग कुणी तपासलं?"

"कुणीच नाही. तपासलं असतं तर काय आलं असतं, ते सांगितलंय."

मामानं मोबाइल माझ्या हातात परत दिला. "निहार, म्या आठवी नापास हाय. मला नीट सांग. परीक्षा न घेता निकाल लावलाय का?"

"हो मामा."

"लगा, तसं आसतं तर मला बी पुढं ढकललं आसतं की."

नाकातून पाणी नाही, ताप नाही, गाठी नाहीत. घोडी माझ्या खिशातली लग्नपत्रिका खात होती. परवान्यासाठी तपासणी केली नसती तर कुणाला काही कळलंही नसतं, पण हल्ली वरातीच्या घोड्याला परवाना लागतो, आणि सोमवारची वरात माझीच होती. सोमवारी सकाळी डॉक्टर इंजेक्शन घेऊन येणार होते.

मी तिथंच उभं राहून आत्याबाईंकडे अर्ज केला, की या नमुन्याचा प्रत्यक्ष प्रयोग करायची परवानगी द्या. उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत आलं. "सदर प्रयोगाचा निकाल पॉझिटिव्ह येईल. सबब प्रयोगाची आवश्यकता नाही."

मामानं बत्ताशीच्या आयाळीत हात घातला. "ह्या खेपेला मी तिला धरून उभा ऱ्हानार न्हाई," तो म्हणाला. "सुलतानाच्या वक्ताला मीच धरलं व्हतं. माझ्यावर इश्वास ठिवून उभं ऱ्हायलं जनावर."

*

रविवारी सकाळी मला हळद लागली. हळद लागलेल्या नवरदेवानं घराबाहेर पडायचं नसतं, आणि पडलाच तर हातात लिंबू खोचलेली कट्यार धरायची असते. मी कट्यार घेऊन प्रयोगशाळेत गेलो.

दारावरच्या पहारेकऱ्यानं मला नखशिखांत बघितलं. "लग्न कुणाचं?"

"माझं."

"मग हिकडं काय?"

"पीसीआर."

त्यानं दार उघडलं. पिवळ्या, कट्यारधारी माणसाशी वाद घालायचा नसतो हे त्याला कुणी शिकवलं असेल माहीत नाही.

यंत्र कोपऱ्यात मखमली कापडाखाली होतं, वर यंदाच्या दसऱ्याचा वाळका झेंडू. यंत्र बंद असलं तरी त्याची पूजा चालू होती. आमच्या प्रमुख डॉ. शुभदा सोहनी दर दसऱ्याला न चुकता सगळ्या यंत्रांची पूजा करतात. हत्यारांची करतात तशीच. मी हातमोजे घातले, बाह्या खाली ओढल्या, फ्रीजरच्या तळातून जुनं किट काढलं आणि तीन नळ्या भरल्या. एकीत बत्ताशी. दुसरीत किटबरोबर आलेला रोगजंतूचा निर्जीव डीएनए, म्हणजे ही नळी चमकलीच पाहिजे. तिसरीत नुसतं शुद्ध पाणी, म्हणजे ही चमकता कामा नये. तिन्ही नळ्या सवयीनं शेवटच्या ओळीत ठेवल्या. आमच्याकडे गाई-म्हशींचे नमुने ढिगानं येतात, ते आणि तपासणीचं पाणी पुढच्या ओळींत. घोडे मोजके, ते नेहमी शेवटी.

यंत्र कुरकुरत सुरू झालं. मी टेबलावर कट्यार ठेवून बसलो. होणाऱ्या बायकोचा फोन आला.

"कुठं आहेस?" ऋजुतानं विचारलं.

"लॅबमध्ये."

"हळद लावून?"

"हो."

"घोडी नसली तर रिक्षातून ये, मला चालेल. पण हळदीच्या अंगानं बाहेर फिरलास हे आईला कळलं तर तुझं काय होईल याचं भाकीत मी आत्ताच करून ठेवते."

दीड तासानं पडद्यावर तीन रेषा वर चढल्या. निर्जीव डीएनए पॉझिटिव्ह. बत्ताशी पॉझिटिव्ह.

पाणी पॉझिटिव्ह.

मी डोळे चोळले, आणि मग ते हळदीनं चुरचुरल्यामुळे आणखी चोळले. रेषा तिथंच होती. पाण्याला ग्लँडर्स झाला होता.

मी मॅडमना फोन केला.

*

सोहनी मॅडम निवृत्तीला आलेल्या. त्यांना मी कधीही इस्त्री नसलेल्या साडीत पाहिलं नव्हतं. आल्या, माझ्याकडे बघितलं, कट्यारीकडे बघितलं.

"हळद लावून पीसीआर करतोस? गाढवा, हळद निळ्या प्रकाशात हिरवी चमकते. पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं."

"हातमोजे होते, मॅडम."

"दाखव."

त्यांनी दिवे घालवले आणि खणातून निळी विजेरी काढली. माझं तोंड भुतासारखं हिरवं चमकलं, हातमोजे मात्र कोरे. नळ्या कोऱ्या. मॅडमनी यंत्राचं झाकण पूर्ण वर केलं आणि विजेरी आत वळवली.

झाकणाच्या आतल्या बाजूला, उजव्या कडेला, एक स्वस्तिक हिरवंगार पेटलं.

त्याच्या रेषा पाघळून खाली आल्या होत्या. शेवटच्या ओळीच्या वरच्या काचेवर हिरव्या थेंबांची माळ लागली होती.

बाहेर पहारेकऱ्याच्या मोबाइलवर कुठलंतरी कीर्तन चालू होतं.

"बाहेरून काढलं की सफाईवाल्या पुसून टाकायच्या," मॅडम म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीचा. "म्हणून मी आतून काढायचे. कडेला. कुणाच्या अध्यात ना मध्यात. तेलात कालवून, म्हणजे टिकतं."

मग सगळं एकामागोमाग एक उलगडत गेलं, आणि ते थांबवता येईना. झाकण प्रत्येक फेरीला तापतं. तापलं की तेल थोडं पाघळतं, हळद त्यात थोडी विरघळते, चमक थोडी वाढते. चाळीस फेऱ्यांत रेषा अशी चढते की थेट डीएनए वाढतोय असंच वाटावं. फक्त शेवटच्या ओळीत. फक्त दसऱ्यापासून डिसेंबरपर्यंत, कारण डिसेंबरात कंपनीचा माणूस येऊन यंत्र पुसून जायचा. आमच्या भागात ग्लँडर्स शरदात वाढतो असं सगळे धरून चालले होते. त्यावर एका प्राध्यापकांनी हवेतल्या दमटपणाशी संबंध जोडून सुंदर निबंधही लिहिला होता. आत्याबाईंनी तेच पाठ केलं. घोडा, शेवटची ओळ, दसऱ्यानंतर: पॉझिटिव्ह. ती खोटं बोलत नव्हतीच. इथं प्रयोग केला असता तर खरोखर पॉझिटिव्हच आला असता.

"हळद कुठली वापरायचा?" मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"माझ्या भावाची अडत आहे इथंच. एक नंबरची पाठवतो. अस्सल." त्यांनी विजेरी पुन्हा स्वस्तिकावर धरली. "भेसळीची असती तर कदाचित घोडे वाचले असते."

हा विनोद मी केला असता तर हसलो असतो.

त्यांनी पदर खोचला. झाकण स्पिरिटनं पुसलं, पुन्हा पुसलं, विजेरीखाली काळंकुट्ट दिसेपर्यंत पुसलं. मग पिपेट हातात घेतलं. किती वर्षांनी घेतलं होतं कुणास ठाऊक. नळ्या लावून त्या स्टुलावर बसल्या आणि पडद्याकडे बघत राहिल्या. या वेळी एकच रेषा चढली, निर्जीव डीएनएची. पाणी सपाट. बत्ताशी सपाट.

मी टाळी वाजवणार होतो. मॅडमचा चेहरा बघून हात खाली आले.

"मागचे सगळे घोडे कुठल्या ओळीत होते, निहार?"

उत्तर त्यांना माहीत होतं.

"एक जण गेटबाहेर बसून राहिले होते," त्या म्हणाल्या. "आत यायलाच तयार नव्हते. मी स्वतः बाहेर गेले, त्यांना आलेख दाखवला. म्हटलं, ही रेषा बघा, किती स्वच्छ चढली आहे. इतका स्वच्छ आलेख क्वचित मिळतो. त्यांनी मला नमस्कार केला."

"त्यांच्या घोड्याचं नाव काय होतं?"

"सुलतान."

मी टेबलावरची कट्यार उचलून खिशात घालायचा प्रयत्न केला. ती खिशात मावत नाही.

*

खरा निकाल आम्ही लगेच प्रणालीत भरला. उत्तर आलं, "अपेक्षित निकालाशी विसंगत. कारण: हस्तदोष." मॅडमनी हळदीचं सगळं स्पष्टीकरण लिहून पाठवलं. उत्तर आलं, "हळद हा घटक यादीत उपलब्ध नाही. कृपया यादीतून निवडा."

सोमवारी सकाळी तबेल्यात चार माणसं आणि एक घोडी होती. मामा, मी, मॅडम, आणि इंजेक्शनची पेटी घेतलेले डॉ. शिकलगार. डॉक्टर भले गृहस्थ. पेटी त्यांनी पाठीमागे धरली होती, जणू बत्ताशीला ती दिसू नये.

मॅडम आधी मामासमोर जाऊन उभ्या राहिल्या. तीच इस्त्रीची साडी, पण पदराला पिवळे डाग. त्यांनी सगळं सांगितलं, एकही शब्द न वगळता. तेल सांगितलं, स्वस्तिक सांगितलं, शेवटची ओळ सांगितली.

मामा ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हंजे सुलतानाला काय बी झालं नव्हतं?"

"नाही."

"काय बी?"

"काहीही नाही. माझी हळद होती."

मला वाटलं मामा ओरडेल. तो गव्हाणीशी गेला, बत्ताशीपुढचा चारा उगाचच खालीवर केला आणि परत आला. "बाई, तुमी मला त्या दिशी च्या पाजला व्हता," तो म्हणाला. "म्या घरी येऊन सांगितलं, मानूस लई चांगलं हाय." मग तो बत्ताशीच्या आयाळीतल्या काड्या काढायला लागला. मॅडम जागच्या हलल्या नाहीत. त्या दोघांत मी जाऊ शकत नव्हतो.

डॉक्टर खाकरले. "मॅडम, मला तुमची सही लागेल. आदेशावर प्रयोगशाळा-प्रमुखाची सही असल्याशिवाय मी टोचू शकत नाही."

"मी करणार नाही."

"मग मी काय करू?"

"बसा. केळी आणली आहेत."

डॉक्टर बसले. आदेशाची मुदत दुपारी बारापर्यंत होती. आम्ही सगळे तबेल्यात सतरंजीवर बसून वाट बघत होतो, आणि कशाची ते कुणालाच ठाऊक नव्हतं. घरून माझ्या आईचे फोनवर फोन येत होते, की मुंडावळ्या बांधायच्या आहेत, नवरदेव कुठाय. मी म्हणत होतो, मामाकडे. ते खरंच होतं.

बारा वाजले आणि चौघांचे मोबाइल एकदम वाजले.

पहिला संदेश: "प्रयोगशाळा-प्रमुख या सदर आदेशावर सही करतील असे पूर्वनिकाल दर्शवतो. सबब सही झाली असे धरण्यात येत आहे."

दुसरा: "सही झालेल्या आदेशांची अंमलबजावणी नेहमी होते. सबब अंमलबजावणी झाली असे धरण्यात येत आहे."

तिसरा मामाच्या मोबाइलवर, बत्ताशीच्या फोटोसह: "मृत्यूचा दाखला. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत."

बत्ताशी डॉक्टरांच्या हातातलं केळं सालीसकट खात होती.

"आता हो?" मामानं विचारलं.

डॉ. शिकलगारांनी संदेश पुन्हा वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. मग पेटीला कुलूप लावलं. "मेलेल्या जनावराला इंजेक्शन देता येत नाही," ते म्हणाले. "नियमात बसत नाही." आणि जाता जाता घोडीच्या मानेवर थाप मारून म्हणाले, "ईश्वर मृतात्म्यास शांती देवो."

संध्याकाळी जे झालं ते झालेलं नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितलं आहे. बँडवाले होते. ऋजुताची आई मला पाहून म्हणाल्या, जावई फार पिवळे दिसतात. मामानं लगाम धरला होता. दर थोड्या वेळानं तो डाव्या बाजूला बघत होता, जिथं पूर्वी सुलतान चालायचा, आणि तिथली जागा बँडवाल्यांना भरू दिली नाही त्यानं. मॅडम गर्दीच्या अगदी मागे होत्या. अक्षता टाकायला आल्या नाहीत. दोन्ही हात पदरात गुंडाळून उभ्या होत्या.

मेलेल्या घोडीला लस मिळत नाही, नाल ठोकून मिळत नाही, परवाना तर नाहीच. मामाचा धंदा बसला. तो म्हणतो, बसू दे, ती उभी हाय न्हवं. पुढच्या दसऱ्याला आमचं झाकण कोरं असेल, पण त्यानं काही फरक पडणार नाही. आत्याबाईंना दसऱ्यानंतरचे घोडे आता कायमचे पाठ आहेत.

निवृत्तीच्या दिवशी मॅडमनी सत्कार घेतला नाही. शेवटचा अर्ज तेवढा लिहिला. आवक-जावकच्या बाईंनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि कुठल्या विभागाकडे पाठवायचा ते न कळल्यामुळे मला आणून दिला. माझ्याकडेही तसा विभाग नाही. म्हणून इथे देतो.

"विषय: चुकीच्या निकालांच्या दुरुस्तीबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, या प्रयोगशाळेत शेवटच्या ओळीत तपासलेल्या तसेच न तपासता ठरविलेल्या घोड्यांना कोणताही रोग नव्हता. दोष अधोस्वाक्षरीकार यांच्या हातचा आहे. तरी सदर सर्व निकाल निगेटिव्ह असे दुरुस्त करण्यात यावेत, आणि सुलतान (मालक: श्री. सर्जेराव) याच्यासह सर्व घोडे ज्या स्थितीत आणले होते त्याच स्थितीत, चालत्या पायांनी, संबंधित मालकांच्या ताब्यात परत देण्यात यावेत, ही नम्र विनंती."